दहापैकी तीन

प्रिय भाऊ,

सप्रेम जयभीम.

तुम्हाला जाऊन सात महिने आणि चार दिवस झाले. बघा, पहिल्याच ओळीत आकडा आला. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "सात महिने काय गं, युगं लोटली म्हण!" म्हणून आधीच कबूल करते की माझी खोड अजून गेलेली नाही.

आज लिहायला बसले त्याला कारण मोहिते काका, मंडळाचे सेक्रेटरी आणि तुमचे माईकवरचे जोडीदार. येत्या रविवारी चाळीसमोरच्या मैदानात तुमच्या नावानं कबड्डीचे सामने आहेत. सुरुवातीला तुमच्याबद्दल दहा ओळी वाचायच्या आणि त्या तुमच्या लेकीनं लिहायच्या, असं कमिटीत ठरलं. मी लिहिल्या. "कालकथित भाऊ यांनी सुमारे एकतीस वर्षे मंडळाच्या सामन्यांचे समालोचन केले. त्यांचा आवाज स्पष्ट होता. ते नियमित हजर राहत." काकांनी कागद वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "सुजाता, हे भाऊबद्दल लिवलंस की रेशनकार्डाचा फॉर्म भरलास?"

"चूक काय आहे यात?" मी विचारलं.

"चूक कायच नाय. तीच तर बोंब आहे. पण भाऊ कुठाय यात?"

कागद घेऊन घरी आले. मग वाटलं, लोकांसमोर बोलायच्या आधी तुमच्याशी बोलून घ्यावं. दहा ओळींत न बसणारं बरंच काही आहे, आणि ते दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही.

डिलाईल रोडवरच्या आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत तुमच्याइतकं मोठं बोलणारं दुसरं कोणी नव्हतं. गिरणी बंद पडल्यापासून तुम्ही एका औषधांच्या गोदामात खोकी चढवायचात, उतरवायचात. तिथे दिवसभर तुमच्याशी कोणी चार शब्द बोलत नसे. घरी आलात की सगळं सुटायचं! ऊन लागलं असेल तर, "सुजाता, पीठ मळ, डोक्यावर भाकऱ्या भाजून घे!" चहाला दोन मिनिटं उशीर झाला तर, "आता चहा नको, इथेच माझा पुतळा उभारा." मी एकदा बशी फोडली तर, "पोरीनं घरातलं सगळं सामान फोडलं हो!" असं गॅलरीभर ओरडलात, आणि ओरडता ओरडता तुकडे स्वतःच गोळा केलेत, मला हात लावू दिला नाहीत.

माझ्या जन्माची गोष्ट तर दर वाढदिवसाला व्हायची. "हिनं पहिला टाहो फोडला ना, तो परळच्या हॉस्पिटलातून थेट चिंचपोकळी स्टेशनात! सुटलेली गाडी थांबली. मोटरमन खाली उतरून विचारतोय, काय झालं, कुणाच्या घरी झालं?" नऊ वर्षांची असताना मी विचारलं, "कुठली गाडी, भाऊ?" तुम्ही क्षणभरही न थांबता म्हणालात, "ठाणा स्लो." त्या 'ठाणा स्लो'नं माझा घात केला. चिंचपोकळीला स्लो लोकलच थांबते, म्हणजे गोष्ट खरीच असणार, असं मला वाटलं.

मग शाळेत 'मी' या विषयावर निबंध आला आणि मी ते सगळं लिहिलं. बाईंनी निबंध वर्गात वाचून दाखवला. त्या दिवसापासून सातवीपर्यंत माझं नाव 'ठाणा स्लो' होतं. हे मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही काहीतरी आणखी मोठं बोलून मला हसवलं असतंत आणि ते तिथेच संपलं असतं. त्याऐवजी मी मनाशी ठरवलं की आपण जन्मात एक शब्द जास्तीचा बोलायचा नाही. नऊ वर्षांच्या मुलीनं घेतलेला तो निर्णय मी एवढी मोठी होऊनही पाळत राहिले.

पुढे परळच्या हॉस्पिटलात, रक्त तपासायच्या लॅबमध्ये लागले. दशांश चिन्ह एक घर सरकलं तर माणसाचा औषधोपचार बदलतो, अशी ती जागा. मला तिथे फार बरं वाटलं. आणि घरी तुमची दुरुस्ती करायची मला सवय लागली. तुम्ही म्हणायचात, "हजारदा सांगितलं तुला!" मी म्हणायची, "तीनदा." तुम्ही म्हणायचात, "अख्खी मुंबई लोटली होती सामन्याला!" मी म्हणायची, "मैदानात चारशे माणसं मावतात, भाऊ." तुम्ही हसायचात. मला वाटायचं, तुम्हाला गंमत वाटते. वाटत होती का हो? की पोरगी शिकली आहे, तिला काय बोलायचं, म्हणून हसायचात?

आईला तुमचं बोलणं कधी जड गेलं नाही. "आज अख्खी टीम जेवायला येतेय!" असं तुम्ही जिन्यातून ओरडलात की ती मुकाट्यानं चार माणसांचे तांदूळ धुवायची. चारच यायचे. पण कधी तुम्ही दारात घुटमळून हळूच म्हणालात, "अगं, दोघं येतील जरा," की ती शेजारून मोठं पातेलं मागून आणायची. तुम्ही लहान आकडा सांगताय म्हणजे तुम्हाला तिची काळजी वाटतेय, आणि माणसं नक्कीच जास्त आहेत, हे तिला ठाऊक असायचं. इतक्या वर्षांत तिचा भात कधी कमी पडला नाही. हे तिनं मला शिकवलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

आणि तुमचा रविवारचा माईक! मैदानाच्या कडेला टेबल, टेबलावर गुणफलक, आणि तुम्ही उभे. कधी बसून बोलला नाहीत. "आला, आला, डिलाईल रोडचा वाघ आला! याला पकडायचं असेल तर आधी घरी निरोप ठेवून या!" तो वाघ म्हणजे तळमजल्यावरचा दिनेश. वजन पंचावन्न किलो, दिवसा बँकेत शिपाई. तुम्ही गेल्यावर तो भेटायला आला होता. मला म्हणाला, "ताई, मी वाघबीघ कोण नव्हतो. मला काय ते कळत नव्हतं? पण भाऊ माईकवर असं बोलले ना, की हात हलवत परत यायची लाज वाटायची." मी त्याला चहा दिला.

आता ते लिहिते, जे लिहायचं टाळत इतकं इकडचं तिकडचं लिहिलं.

जयंतीच्या कार्यक्रमात दरवर्षी चाळीतल्या शिकलेल्या, नोकरीत वर गेलेल्या मुलांचा सत्कार व्हायचा. नावं पुकारायचा मान तुमचा. मी लॅबमध्ये सीनियर झाले त्या वर्षी माझं नाव यादीत आलं. किती वर्षं थांबला होतात तुम्ही त्या दिवसासाठी! सकाळपासून दोनदा दाढी केली होतीत. माझं नाव पुकारताना तुमचा आवाज फाटला, तो तसाच तुम्ही वर नेलात. "ही माझी सुजाता! हिच्या सहीशिवाय अख्ख्या परळात एकही सर्जन सुरी उचलत नाही! मोठमोठे डॉक्टर हात बांधून उभे असतात, ताई सही करा, ताई सही करा!"

टाळ्या पडल्या, शिट्ट्या वाजल्या. स्टेजवर पाहुणे म्हणून एक डॉक्टर बसले होते. ते माझ्याकडे बघून हसले. साधंच हसले असतील. मला मात्र तो निबंध वाचणारा वर्ग दिसला. मी पुढे झाले आणि तुमच्या हातातून माईक घेतला. माझे शब्द मला जसेच्या तसे आठवतात. "माफ करा, पण हे खरं नाही. रिपोर्टवर सही डॉक्टरांची असते. मी नळ्या मशीनला लावते आणि आकडे तपासते. भाऊंना वाढवून बोलायची सवय आहे."

पहिल्या रांगेत मोहिते काकांची म्हातारी आई बसली होती. ती तेवढी म्हणाली, "अगो, म्हाईत हाय ता आमाला."

माहीत होतं, भाऊ! सगळ्यांना माहीत होतं. तिथल्या एकाही माणसाला असं वाटलं नव्हतं की परळचे सर्जन माझ्या दारात रांग लावून उभे असतात. त्यांनी एवढंच ऐकलं होतं की खोकी उचलणाऱ्या बापाला लेकीचा आनंद कुठे ठेवू आणि कुठे नको असं झालंय. त्या आनंदाला टाळ्या पडल्या होत्या. चारशे माणसांत ही गोष्ट न कळलेली मी एकटीच होते, आणि माईक माझ्या हातात होता.

तुम्ही माईक परत घेतलात. हसलात. "दुरुस्ती मान्य," म्हणालात आणि पुढचं नाव पुकारलंत. पुढच्या मुलाचं नाव, शिक्षण, नोकरीचं ठिकाण. संपलं. त्याची आई खाली नटूनथटून बसली होती, तिचा चेहरा कसा पडला ते मला स्टेजवरून दिसलं. तिच्या मुलाच्या वाट्याचं मोठं बोलणंही मी खाऊन टाकलं होतं.

त्यानंतर तुम्ही माईक धरला नाहीत. "घसा बसतो," म्हणालात. काका दोनदा विचारायला आले, तुम्ही त्यांना चहा पाजून परत पाठवलंत. घरातही तुमचं बोलणं बदललं. "बाजारात खूप गर्दी होती. म्हणजे, बऱ्यापैकी होती." असं म्हणून माझ्याकडे बघायचात. "तासभर उभा होतो. नाय, चाळीस मिनिटं असतील." पुन्हा माझ्याकडे बघायचात. त्या दिवसांत मी आईला काय म्हणाले असेन? म्हणाले, "बघ, भाऊ सुधारले!" आई मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सुधारले नाय गो. गप झालेत."

राग मला तुमचाही येतो, खोटं कशाला सांगू? एवढा मोठा आवाज तुमचा, माईक बंद पडला तरी मैदानाच्या टोकापर्यंत जाणारा. तो एका पोरीच्या चार वाक्यांनी कसा काय बसला? घरी आल्यावर मला फटकारलं का नाहीत? "गप गं, तुला काय कळतं माईकमधलं!" एवढं म्हणायचं होतंत. मी भांडले असते, दोन दिवस बोलले नसते, आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा अख्खी मुंबई मैदानात आणली असतीत. पण तुम्ही माझं म्हणणं खरं मानलंत. माझ्या शिकण्यावर तुमचा एवढा विश्वास होता, ही माझी शिक्षा झाली.

दीड वर्षानं तुमच्या पोटात दुखायला लागलं. "थोडं दुखतं," म्हणालात. मी तुम्हाला दवाखान्यात घेऊन गेले. त्या दिवसांत गुडघे सुजल्यामुळे आईला जिने उतरवत नव्हते, ती घरीच राहिली. ती बरोबर आली असती तर, असं मी आजवर किती वेळा मनात म्हटलं असेल! ओपीडीत एक तरुण डॉक्टरीण होत्या. त्यांनी आपुलकीनं विचारलं, "बाबा, दुखणं किती आहे? एक ते दहा. एक म्हणजे नसल्यासारखं, दहा म्हणजे अजिबात सोसवत नाही."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. डॉक्टरांकडे नाही, माझ्याकडे. मग म्हणालात, "तीन." आणि लगेच घाईनं, "तीनच. नक्की."

लिहिताना लाज वाटतेय, पण लिहिते. मला बरं वाटलं, भाऊ. अभिमान वाटला! आपले भाऊ डॉक्टरांसमोर शहाण्यासारखा नेमका आकडा सांगतायत, असं वाटलं. टेबलाची कड तुम्ही घट्ट धरली होतीत. बोटांची पेरं पांढरी पडली होती. ती मी बघितली. बघितली आणि तरी विश्वास आकड्यावरच ठेवला.

त्यांनी गॅसच्या गोळ्या दिल्या, पंधरा दिवसांनी दाखवायला सांगितलं. तीन म्हणणाऱ्या माणसाला आणखी काय देणार? त्यांची काही चूक नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा विचारलं, तुम्ही पुन्हा तीन म्हणालात. जेवण कमी झालं होतं, "भूक जरा कमी आहे" म्हणालात. गॅलरीतली तुमची फेरी बंद झाली होती, "पाय जरा दुखतात" म्हणालात. जरा, थोडं, बऱ्यापैकी. हे सगळे शब्द माझे होते. असे पाच आठवडे गेले.

सहाव्या आठवड्यात तुम्ही जिन्यात बसलात ते उठलाच नाहीत. दिनेशनं आणि आणखी दोघांनी उचलून गाडीत घातलं. तुमच्या रक्ताची नळी माझ्याच लॅबमध्ये आली, माझ्याच मशीनवर लागली. आकडा बघितला. पुन्हा लावली, तोच आला. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या मनात आलं की हे मशीन भाऊंवर गेलंय, वाढवून सांगतंय. तिसऱ्यांदा लावली. मशीन वाढवून सांगत नव्हतं. पुढच्या तपासण्यांत कळलं, कॅन्सर पोटातून यकृतापर्यंत गेला होता.

मोठ्या डॉक्टरांना मी विचारलं, पाच आठवडे आधी कळलं असतं तर? ते म्हणाले, आयुष्य फारसं वाढलं नसतं. मी सुटकेचा श्वास घेणार तेवढ्यात म्हणाले, "दुखणं मात्र पुष्कळ कमी करता आलं असतं. एवढं दुखत असताना हे घरी राहिले तरी कसे?"

घरी जाऊन आईला सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, "तीन म्हणाले?"

"हो. दोन्ही वेळा."

"अगो, मच्छर चावला तरी त्यांचे दहा व्हायचे. ह्या माणसानं उभ्या जन्मात कधी तीन म्हटलंन नाय. तीन ऐकलंस तेव्हाच तू उठून बोंब मारायची होतीस." मग ती फळीवरच्या भांड्यांकडे बघायला लागली. म्हणाली, "दोघं येतील म्हणाले की मी मोठं पातेलं काढायची ना गो."

तेव्हा मला कळलं. तुमची भाषा घरात कुणालाच येत नव्हती असं नाही. आईला येत होती, दिनेशला येत होती, पहिल्या रांगेतल्या आजीला येत होती. मी रक्तातली साखर दशांशापर्यंत वाचू शकत होते, आणि बापाचा एक शब्द वाचू शकले नाही.

शेवटच्या आठवड्यातली ती दुपारही लिहून टाकते. तुम्ही डोळे मिटूनच विचारलंत, "किती जणं आलेली गं बघायला?" वॉर्डात जायला पास लागायचा, म्हणून मी मोजलेले होते. "अकरा, भाऊ," मी म्हणाले. "अकरा. बरं," तुम्ही म्हणालात आणि भिंतीकडे तोंड केलंत. काय जात होतं हो माझं? "अख्खा डिलाईल रोड खाली उभा आहे, वॉचमन हात जोडतोय," एवढं म्हटलं असतं तर? अकराच आहेत हे तुम्हालाही कळलं असतं. तुम्हाला आकडा नकोच होता. तुमच्या बोलीत तुमच्याशी कोणीतरी बोलावं, तेही मी बोलावं, एवढंच हवं होतं. पुन्हा एकदा माईक माझ्या हातात होता आणि पुन्हा मी दुरुस्तीच केली.

तुमच्या अंत्ययात्रेला एकशे त्रेचाळीस माणसं होती. हो, मोजली. रागावू नका. रडू येऊ नये म्हणून मोजत होते, नाक्यापर्यंत मोजतच राहिले.

या सात महिन्यांत मी एक विचार पुन्हा पुन्हा केला. खोटं बोलणाऱ्याला वाटतं, समोरच्यानं आपल्यावर विश्वास ठेवावा. मोठं बोलणाऱ्याला तसं वाटत नाही. समोरच्यानं शब्द सोडून द्यावा आणि त्यामागचा जीव तेवढा घ्यावा, अशी त्याची अपेक्षा असते. म्हणजे त्याचा समोरच्या माणसावर केवढा भरवसा असतो! तुम्ही माझ्यावर तसा भरवसा ठेवलात, चाळीस वर्षं. मी त्याला खोटं म्हटलं.

आता मला सगळीकडे ऐकू येतं, भाऊ. आई म्हणते, "जीव गेला माझा ह्या जिन्यानं." पूर्वी मी दुर्लक्ष करायची, आता पाण्याचा तांब्या नेऊन देते. परवा लॅबमध्ये एक आजोबा आले होते. सुई बघून म्हणाले, "ताई, अख्खी बाटली काढताय की काय!" पूर्वी मी "पाच एमएल" म्हणाले असते. परवा म्हणाले, "आजोबा, तुमच्या रक्तावर आमची लॅब वर्षभर चालणार आहे!" ते इतके हसले की सुई कधी निघाली ते त्यांना कळलं नाही. तुमची फार आठवण आली. पण कोणी "थोडंच दुखतं" म्हणालं की आता मी हातातलं काम ठेवते आणि पुन्हा एकदा विचारते.

काल काकांकडे गेले होते, कागद पुन्हा लिहिते म्हणून सांगायला. त्यांनी विचारलं, "त्रास होतो का गं अजून?" मी म्हणाले, "थोडा." त्यांनी हातातला पेपर बाजूला ठेवला, खुर्ची ओढून माझ्यासमोर आणली आणि बसले. भाऊ, मी तिथे रडले. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा.

तर आता वचन देते. रविवारी तो कागद मी स्वतः वाचणार, उभी राहून, तुमच्याच टेबलाजवळ. सांगणार की भाऊ बोलायला लागले की वरळीची भरती थांबून ऐकायची. सांगणार की त्यांनी एक शब्द टाकला आणि पंचावन्न किलोच्या पोराचा वाघ झाला. सांगणार की माझ्या जन्माच्या वेळी ठाणा स्लो चिंचपोकळीला थांबली होती, मोटरमन खाली उतरला होता. सांगणार की त्यांच्या शेवटच्या यात्रेला लाख माणूस होतं, पुढची माणसं पोचली तरी मागची अजून चाळीचा जिना उतरत होती. कोणी उठून दुरुस्ती करणार नाही. म्हाईत हाय ता त्यांना.

आणि दहापैकी किती दुखतंय असं मला कोणी विचारलं, तर लाख सांगणार. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "लाखच? बस्स?"

जिच्या सहीशिवाय अख्ख्या परळात एकही सर्जन सुरी उचलत नाही, ती तुमची,

सुजाता